सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनो, जर्मन शिकताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आठवी-नववीतली मुलं जर्मनच्या तासाला बसतात तेव्हा मराठी त्यांच्या घरचीच असते, कन्नड रोज कानावर पडत असते, हिंदी-इंग्रजी शाळेत सुरूच असते. तरी जर्मन शिकताना ती सगळा भार इंग्रजीवर टाकतात. अ‍ॅप इंग्रजीतून, शब्दार्थ इंग्रजीतून, मग वाक्यही इंग्रजीच्या साच्यातलं. सुरुवातीच्या बहुतेक चुका इथूनच येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट वहीची. इथे मी उच्चार देवनागरीत देतोय, पण वहीत जर्मन शब्द रोमनमध्येच लिहा आणि प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढा. रोमन अक्षरं दिसली की इंग्रजी उच्चार तोंडात येतो, तो थांबवा. ‘डब्ल्यू’ म्हणजे सरळ आपला व. ‘झेड’ म्हणजे त्स, ‘चाक’मधला च. दहाला ‘झेन’ नाही, ‘त्सेन’ म्हणायचं. हा च इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला सहसा येत नाही, आपल्याला तो आईच्या भाषेतच मिळालाय.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. तो-ती-ते आपल्याकडे आहे आणि डेर-डी-दास जर्मनमध्ये आहे, म्हणून मुलं खूश होतात. पण सूर्य तिकडे स्त्रीलिंगी (डी झोनऽ), खुर्ची पुल्लिंगी (डेर श्टूल) आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी (दास मेट्शन), कारण शेवटी ‘-शन’ हा लघुत्वाचा प्रत्यय आला की शब्द नेहमी ‘दास’. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’ हे प्रत्यय लागून झालेली नामं ‘डी’. बाकीचे शब्द डेर-डी-दाससकटच पाठ करायचे, नुसता शब्द कधीच नाही.

आता ‘ला’. इथे आपली मुलं सर्वांत जास्त अडखळतात. ‘मी बॉल आणतो’ यात बॉलला प्रत्यय लागत नाही, म्हणून मुलं जर्मनमध्येही ‘डेर बाल’ तसाच ठेवतात. तिथे ‘डेन बाल’ हवं. उलट ‘मी मित्राला बघतो’ आणि ‘मी मित्राला वही देतो’ या दोन्हींत आपण ‘ला’च म्हणतो, पण जर्मनमध्ये पहिला मित्र ‘डेन’ आणि दुसरा ‘डेम’. ‘ला’ दिसला की ‘डेम’ टाकण्याची सवय मोडा. क्रियापद बघा: बघणं, आणणं, विकत घेणं असेल तर ‘डेन’, कुणाला काही देणं, दाखवणं असेल तर ज्याला दिलं तो ‘डेम’. मदत करणं आणि आभार मानणं यांनाही ‘डेम’ लागतो, ती दोन वेगळी पाठ करा. सुरुवातीला एवढा दिलासा आहे की एकवचनात ‘डेन’चा बदल फक्त पुल्लिंगी नामांना होतो.

याच ‘ला’चा एक मोठा फायदाही आहे. ‘मला थंडी वाजते’ हे इंग्रजीतून नेलं की ‘इश बिन काल्ट’ होतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वभावानेच थंड आहे. बरोबर वाक्य ‘मिअर इस्ट काल्ट’. यातलं ‘मिअर’ म्हणजे सरळ ‘मला’. कन्नडमध्येही ‘ननगे चळी’च म्हणतात, म्हणजे तुम्हाला दोन भाषांचा आधार आहे. ‘मला पुस्तक आवडतं’ हेही तसंच: मिअर गफेल्ट दास बूख.

क्रियापदाची जागाही अशीच. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी, पण ‘वाईल’ (कारण) आला की शेवटी. ‘वाईल इश क्रांक बिन’ शब्दाला शब्द लावून बघा: कारण मी आजारी आहे. इंग्रजीतून येणारा ‘वाईल इश बिन क्रांक’ लिहितो आणि गुण घालवतो.

आकड्यांचा सराव लिहून नको, ऐकून करा. गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, पुण्यातही आहे आणि बेंगळुरूतही. त्यांच्या ए-वन (अगदी पहिल्या पातळीच्या) परीक्षेत ऐकण्याच्या भागात किमती, वेळा, फोन नंबर येतात आणि 47 ऐकून मुलं 74 लिहितात. सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, जर्मनही तसंच म्हणतो. इंग्रजी आणि कन्नडमध्ये दशक आधी येतं. म्हणून हे आकडे मराठीतूनच ऐका. फक्त 29, 39 जपा, तिथे आपलं ‘एकोण’ चालत नाही. वेळेत ‘हाल्प द्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. पावणेतीन म्हणताना आपण जसा पुढच्या तासाचा उल्लेख करतो, तसाच इथे अर्ध्यालाही करायचा.

‘तुम्ही’ हा शब्द भाषांतराच्या अ‍ॅपवर सोपवू नका. सरांना आणि अनोळखी मोठ्यांना ‘झी’, अनेक मित्रांना मिळून ‘ईअर’. घरात बाबांना-आजोबांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो म्हणून पत्रात त्यांना ‘झी’ लिहिणारी मुलं बरीच आहेत. जर्मन घरात आजोबाही ‘डू’च (तू) असतात आणि त्यात अनादर नसतो.