अर्धवट राहिलेलं पुस्तक पुन्हा कसं सुरू करावं

कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकांसाठी नेहमी मिळणारे सल्ले तेच ते: रोज २० पानं वाचा, वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प करा, वेगवाचन शिका. ५२च्या संकल्पाचा परिणाम एवढाच होतो की माणूस पातळ पुस्तकं शोधत बसतो आणि जाडजूड पुस्तकं आणखी एक वर्ष मागे पडतात. शिवाय खरी अडचण कोऱ्या पुस्तकाची नसतेच. ते उघडलं की सुरू होतं. गाडी अडते ती ११२व्या पानावर खूण घालून ठेवलेल्या पुस्तकापाशी.

सगळी पुस्तकं खाली उतरवा, धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका (ओलं फडकं अजिबात नको) आणि तीन गठ्ठे करा: न उघडलेली, अर्धवट राहिलेली, आणि आता वाचावीशीच न वाटणारी. तिसरा गठ्ठा आठवडाभरात ग्रंथालयाला किंवा वाचणाऱ्या माणसाला देऊन टाका. पहिल्या गठ्ठ्यातलं दीडशे पानांच्या आतलं एखादं पुस्तक आधी संपवा, म्हणजे बसायची सवय परत येते.

आता दुसरा गठ्ठा. इथे बहुतेक जण एकच चूक करतात: पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. सुरुवातीची पानं ओळखीची असल्यामुळे नजर त्यांवरून घसरत जाते, लक्ष लागत नाही, आणि मागच्या वेळी जिथे थांबलात तिथवर पोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. पुस्तक त्याच पानावर दुसऱ्यांदा बंद होतं. तिसऱ्यांदा ते कोणी उघडत नाही. म्हणून कृपा करून पहिल्या पानापासून सलग वाचत येऊ नका.

आधी खूण कुठे आहे ते पाहा. प्रकरणाच्या मधोमध, परिच्छेद तुटलेला असा असेल तर बहुधा बाहेरचं काहीतरी आड आलं होतं. पुस्तकाचा दोष नाही. प्रकरण संपतं तिथेच खूण असेल तर पुढचं प्रकरण उघडण्याची ओढ वाटली नव्हती, असा संशय घ्यायला जागा आहे. अशा पुस्तकाला दुसरी संधी जरूर द्या, पण मोजून द्या. किती, ते पुढे येतंच.

कादंबरी असेल तर पहिली दहा पानं वाचा. त्यातून भाषेचा सूर कानात बसतो. मग खुणेच्या आधीचं एक प्रकरण पूर्ण वाचा. मधल्या प्रकरणांचे फक्त पहिले आणि शेवटचे परिच्छेद. हे करताना एका चिठ्ठीवर पात्रांची नावं आणि नाती लिहीत जा, कारण अर्धवट कादंबरी सुटते ती बहुतेक वेळा कथानक विसरल्यामुळे नाही, तर ‘हा कोणाचा भाऊ?’ हे आठवेनासं झाल्यामुळे. तीच चिठ्ठी पुढे खूण म्हणून वापरा. एवढ्याला पाऊण तास पुरतो. खुणेच्या पुढे दहा पानं गेल्यावरही माणसं ओळखीची वाटली नाहीत, तर आणखी एक प्रकरण मागे जा. इंटरनेटवरचा सारांश मात्र वाचू नका. त्यात शेवट फुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे काय महत्त्वाचं हे दुसऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं.

वैचारिक किंवा माहितीपर पुस्तक असेल तर अनुक्रमणिका समोर ठेवा आणि वाचून झालेल्या प्रत्येक प्रकरणाबद्दल आठवणीतून एक ओळ लिहा. जिथे ओळ सुचत नाही, त्याच प्रकरणाची शेवटची दोन पानं पाहा. कथासंग्रह, ललित लेख, पत्रं यांना हा खटाटोप नकोच. पुढचा लेख काढा आणि वाचा. आत्मचरित्र पूर्वजांच्या वंशावळीत रुतलं असेल तर ती पानं खुशाल ओलांडा. माणूस आवडला की वंशावळ वाचायला आपणच परत येतो.

पहिल्यापासून सुरुवात फक्त तीन बाबतींत करावी: रहस्यकथा, कारण धागेदोरे सुरुवातीलाच पेरलेले असतात; एका सिद्धान्तावर दुसरा रचत नेणारं पुस्तक; आणि ३० पानंही झालेली नसतील असं कोणतंही.

प्रस्तावनेबद्दल ठाम सांगणं आहे. लेखकाचं दोन पानी मनोगत वाचा, पण दुसऱ्या कोणी लिहिलेली चाळीस पानी प्रस्तावना शेवटी. ती पुस्तक वाचलेल्यासाठीच लिहिलेली असते, आणि कितीतरी चांगली पुस्तकं तिच्यातच अडकून पडतात.

यानंतर वेळेचा हिशेब. सर्वसाधारण वेग धरू नका, त्याच पुस्तकावर २० मिनिटं लावून पानं मोजा. १४ झाली आणि १६८ उरली असतील, तर १२ बैठका लागतील. हा आकडा चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्येक बैठकीनंतर एकानं कमी करा. दोन बैठकांत चार दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, नाहीतर पुन्हा उजळणी करावी लागेल. एका वेळी अर्धवट गठ्ठ्यातलं एकच पुस्तक घ्या.

आणि सोडायचं कधी? अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम चांगला आहे: पुस्तकाला ५० पानं द्या, तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा आणि तेवढीच द्या. पुन्हा सुरू केलेल्या पुस्तकासाठी ही पानं खुणेपासून पुढे मोजा, आधीची धरू नका. तेवढ्यात पकड आली नाही तर चिठ्ठी काढून घ्या आणि पुस्तक तिसऱ्या गठ्ठ्यात टाका. परत कपाटात उभं करू नका.

शेवटची वीस पानं उरली की त्याच संध्याकाळी पुढचं पुस्तक काढून त्याच्या खाली ठेवा, नवी कोरी चिठ्ठी घालून.