लष्करातली आमची बोकडाची वाटणी

किलो-अर्धा किलो मटण दुकानातून आणण्यापेक्षा पाच-सहा घरांनी मिळून अख्खा बोकड घेतला की स्वस्त पडतो. ग्वाल्हेरात लष्कर भागात आम्ही मराठी घरं असंच करतो.

आधी हिशेब. बोकडाच्या जिवंत वजनाच्या साधारण निम्मं, बहुधा थोडं कमीच, मटण हाती येतं. 24 किलोच्या बोकडाचं 11 किलो धरा. एकूण किंमत अधिक कटाईची मजुरी, भागिले 11. हा आकडा दुकानाच्या भावाखाली नसेल तर उठून घरी या. वजन डोळ्यादेखत करून घ्या. अंदाजाने सौदा करणाऱ्याशी माझं जमत नाही. कापणं परवानाधारक खाटकाकडेच, गच्चीवर वगैरे नाही.

पैसे आदल्या दिवशी गोळा. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला वाटा नाही, मग तो सख्खा दीर का असेना!

खरी भांडणं वाटे घालताना होतात. म्हणून मांडी, चाप, सीना, गर्दन प्रत्येक वाट्यात थोडं-थोडं घालायचं, काट्यावर तोलायचं आणि चिठ्ठ्या टाकायच्या. कलेजीही सारखी वाटायची. मुंडी, पाये, वजडी ज्याला हवी त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावी. ती रक्कम सगळ्यांच्या खर्चातून वजा.

उत्तरेतला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. तेव्हा इथल्या दुकानांवर गर्दी ओसरते आणि आपली गटारी अजून बाकी असते. सौदा तेव्हाच करा.