ठाण्यात चित्रप्रदर्शन आणि आर्टिस्ट टॉक करताय? आधी या चुका टाळा

दिवाळी संपली की ठाण्यात प्रदर्शनांचा सीझन सुरू होतो. कॉलेजच्या पोरांचे ग्रुप शो, निवृत्त झाल्यावर पुन्हा ब्रश हातात घेतलेल्या काकांचं पहिलं सोलो, क्लासवाल्यांचं वार्षिक प्रदर्शन, आणि हल्ली सोबत एखादा आर्टिस्ट टॉक पाहिजेच कारण पोस्टरवर बरं दिसतं. मला फोन येतो तो उद्घाटनाच्या आदल्या रात्री. "दादा, टांगायला जरा याल का?" जातो मी, पोरं चांगली असतात. पण दरवर्षी त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवीन.

जहांगीरचं वेळापत्रक उचलून आणणं

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून आहे, तिथे मंगळवार ते सोमवार, अकरा ते सात असा आठवडा चालतो आणि तिथे ते बरोबरच आहे. आजूबाजूला ऑफिसं आहेत, युनिव्हर्सिटी आहे, म्युझियम बघायला आलेली माणसं आहेत, दुपारी तीनलाही आत कोणीतरी फिरत असतं. ठाण्यात अकरा ते सात ठेवलंत तर येणार कोण? ज्याला चित्रं बघायची आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्या खिशात चित्र घ्यायला पैसे आहेत, तो त्या वेळी बीकेसीत बसलाय नाहीतर ऐरोली-महापेला. तो स्टेशनला उतरणार साडेसात-आठला. आठ वाजता गोखले रोड आणि राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नसते, लोक आरामात फिरत असतात, आणि चार पावलांवरच्या तुमच्या हॉलला कुलूप! दिवसभर हॉलमध्ये तुमचेच मित्र एकमेकांचे फोटो काढत बसलेले असतात आणि मग म्हणायचं ठाणेकरांना कलेची जाण नाही.

चार ते नऊ ठेवा. हॉलवाला रोज नऊपर्यंत देत नसेल तर भांडून निदान शुक्रवार, शनिवार, रविवार तरी घ्या. सकाळचे तास मी सरळ सोडून देतो, सकाळी फक्त वॉचमन आणि पंखा असतो.

आणि रविवारी दुपारी बाराला उद्घाटन ठेवून पाहुणे दादरहून बोलावू नका हो. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असेल तर पाहुणे येईपर्यंत सामोसे गार झालेले असतात. वाशी-नेरूळहून लोक येणार असतील तर ट्रान्स-हार्बरचाही ब्लॉक बघून घ्या. शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक बघायला दोन मिनिटं लागतात.

डबल टेप

आता माझा आवडता विषय. "दादा, टांगायची गरज नाही, माउंटबोर्डला डबल टेप लावतो, पाच मिनिटांत होतं." हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो.

नौपाड्यातल्या एका हॉलची गोष्ट. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. शेवटच्या वर्षाच्या पोरांनी भिंतभर कागदावरची कामं लावली होती, जलरंग, चारकोल, प्रिंट्स, सगळी डबल टेपवर. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा सगळं लावून झालेलं आणि खरंच सुंदर दिसत होतं. मी म्हटलं पोरांनो हे राहणार नाही, खाली दोरी तरी बांधा. तर एक जण म्हणाला, "सर, ही फोमवाली टेप आहे, इम्पोर्टेड." बरं बाबा. रात्री हॉलचा एसी बंद झाला, हवा दमट झाली, भिंत डिस्टेंपरची. डिस्टेंपर म्हणजे वरचा थर पावडरीसारखाच, टेप कितीही चांगली असली तरी ती धरते त्या पावडरीला, भिंतीला नाही. त्यात दमट हवेत कागद ओल ओढून वाकतो, माउंटबोर्डचे कोपरे भिंतीपासून उचलायला लागतात आणि एकदा कोपरा सुटला की बाकीचं वजन सगळं वरच्या दोन तुकड्यांवर. सकाळी दार उघडलं तर अर्धी भिंत जमिनीवर. एका मुलीचा मासुंदा तलावाचा मोठा जलरंग एसीच्या गळक्या पाण्यात पालथा पडलेला. उचलला तेव्हा पाण्याचा भाग सगळा कागदावरून उतरून फरशीवर आलेला, रंगाचा निळसर ओघळ पार दारापर्यंत. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, ते मला जास्त लागलं. वर टेपसोबत भिंतीचा रंगही पोपडे होऊन निघाला म्हणून हॉलवाल्याने डिपॉझिटमधून पैसे कापले ते वेगळेच. आणि ज्याची इम्पोर्टेड टेप होती तो त्या दिवशी आलाच नाही!

माझी पद्धत सांगतो, शास्त्र वगैरे काही नाही, सवय आहे. हॉलला वर रेल असेल तर तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) आणि एस हूक. तंगूसाला साधी गाठ मारू नका, तो गुळगुळीत असतो, गाठ सरकते. आधी दोन वेढे द्या आणि मग डबल गाठ मारून टोक थोडं लांब ठेवा. फ्रेमच्या मागे कड्या वरून एक तृतीयांश अंतरावर लावा, अगदी टोकाला लावल्या तर दोरी फ्रेमच्या वर डोकावते आणि खूप खाली लावल्या तर फ्रेम पुढे झुकते. एका चित्राला नेहमी दोन दोऱ्या. एका दोरीवर टांगलेलं हलकं चित्र पंख्याखाली गोल गोल फिरतं, आणि आपल्याकडचा प्रत्येक हॉल म्हणजे पंखा हा आलाच. फ्रेम नसलेला कागद असेल तर माउंटबोर्डला वर दोन बुलडॉग क्लिपा लावून क्लिपेच्या छिद्रातून तंगूस. रेलही नसेल तर सॉफ्टबोर्डचे पॅनल भाड्याने आणा. पैसे नाहीत म्हणू नका, फ्लेक्सला असतात तेव्हा.

उंचीबद्दल एकदाच सांगतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर यायला पाहिजे, म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. मी 58 धरतो. समजा चित्र 24 इंच उंच आहे आणि मागची दोरी हुकावर ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते. तर 58 अधिक 12, वजा 3, हूक 67 इंचांवर. झालं! लहान-मोठी सगळी चित्रं याच हिशोबाने लावा. सगळ्यांच्या खालच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, तो आवरा. शिडी जिथपर्यंत पोचते तिथे चित्र, अशी प्रदर्शनंही मी पाहिलीत.

लाइटचं तर बोलायलाच नको. पांढरीफटक 6500 केल्विनची ट्यूब आणि खाली केशरी-तांबडा लँडस्केप, बिचारा आजारी दिसतो. शक्य असेल तर 3000-4000 केल्विनचे स्पॉट घ्या, वरून तिरके सोडा, सरळ समोरून मारलात तर काचेत बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. डब्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर लिहिलेला बघून घ्या, नाहीतर लाल रंग मातकट दिसतो.

आर्टिस्ट टॉकचा सत्कार समारंभ करणं

हा माझा दुसरा राग, आणि खरं तर पहिल्यापेक्षा मोठा.

एक ज्येष्ठ चित्रकार, आयुष्यभर बाहेर बसून स्पॉट पेंटिंग केलेला माणूस. नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. एका ग्रुपने त्यांना टॉकला बोलावलं. वेळ सहाची. ते पावणेसहाला हजर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत कितीतरी वर्षांच्या स्केचबुका. सव्वासहापर्यंत माईकवर हॅलो हॅलो. मग कळलं प्रमुख पाहुणे कॅडबरी जंक्शनला ट्रॅफिकमध्ये आहेत. पाहुणे आले सात वाजता. मग दीपप्रज्वलन, आणि समईची वात काही पेटेना कारण तेल घालायचंच राहिलं होतं. मग स्वागतगीत. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय, तो गुगलवरून छापून आणलेला, त्यात पाहुण्यांना स्वतःलाच दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. मग स्पॉन्सरचा सत्कार, हॉलवाल्यांचा सत्कार, फ्रेमवाल्याचा सत्कार, शाल-श्रीफळ, शाल-श्रीफळ. पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले, त्यात चित्रकलेवर दोन मिनिटं आणि ठाण्याच्या रस्त्यांवर बाकी सगळं, आणि दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय म्हणून उठले, त्यांच्यासोबत पुढच्या दोन रांगा उठल्या. चित्रकारांच्या हातात माईक आला तेव्हा आठ वाजून गेले होते. हॉल साडेआठपर्यंत. ते पाण्यातलं प्रतिबिंब आधी फिक्कं का ठेवायचं हे सांगायला लागले, पिशवीत हात घातला आणि मागे वॉचमन चाव्या वाजवत उभा. स्केचबुक बाहेर आलंच नाही. आभार प्रदर्शन मात्र पूर्ण झालं.

मला सांगा, त्या संध्याकाळी शिकायला आलेल्या पोरांना काय मिळालं? एक सामोसा.

तर माझे नियम असे. टॉक आणि उद्घाटन एका दिवशी नाही, म्हणजे नाहीच. उद्घाटन शुक्रवारी करा, काय दिवे लावायचे ते लावा. टॉक शनिवारी संध्याकाळी, पाहुणे नाहीत, स्टेज नाही. खुर्च्या चित्रांच्या समोर अर्धगोल मांडायच्या आणि चित्रकाराने स्वतःच्या चित्राशेजारी उभं राहून बोलायचं. सत्कार करायचाच असेल तर शेवटी, एक फूल, अर्धा मिनिट. चित्रकाराला "तुमचा प्रवास सांगा" असं कधीही विचारू नका. प्रवास सांगायला लागला की माणूस बालपणापासून सुरू करतो आणि हॉल सुटेपर्यंत जे.जे.च्या अॅडमिशनपर्यंतच पोचतो. बोट ठेवून विचारा. हे चित्र कुठे बसून केलं? हा कोपरा रिकामा का सोडला? कुठे बिघडलं आणि कसं सावरलं? असे तीन प्रश्न खिशात असले की चाळीस मिनिटं मस्त जातात.

स्केचबुक दाखवायची असेल तर स्टँडला उलटा मोबाइल लावून प्रोजेक्टरवर टाका, सगळ्यांना पानं उलटताना दिसतात, मला तर पीपीटीपेक्षा हे कितीतरी बरं वाटतं. पण लॅपटॉप, एचडीएमआय केबल आणि कन्व्हर्टर आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये लावून बघा. "घरी चालत होतं" हे दर वेळी ऐकतो.

प्रश्नोत्तरांत एक काका उठतात आणि म्हणतात, "प्रश्न नाही, फक्त दोन शब्द." माईक त्यांच्या हातात देऊ नका. माईक स्वतःकडे ठेवा, प्रश्न ऐका आणि मोठ्याने परत सांगा, मागच्यांनाही ऐकू येतं आणि दोन शब्द दोनच राहतात.

बाकीचं पटापट

अॅक्रिलिकचं चित्र थेट बबल रॅपमध्ये गुंडाळून टेम्पोत टाकू नका, वाळलेलं वाटलं तरी उन्हात मऊ पडतं आणि फुगे उमटतात. मध्ये बटर पेपर घाला.

कॅप्शनवर नाव, माध्यम, साइज, वर्ष. साइजमध्ये आधी उंची, मग रुंदी. "मिक्स मीडिया" लिहून सुटू नका, काय काय मिक्स केलंय ते लिहा.

किंमत लपवू नका. "विचारा" लिहिलं की मराठी माणूस विचारत नाही, निघून जातो. आणि मित्राने अर्ध्या किमतीत मागितलं म्हणून दुसऱ्या दिवशी देऊन टाकू नका, पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन गेलेल्याला ते कळतंच कुठून तरी.

कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनाला प्रदर्शन असेल तर निमंत्रणावर "स्टेशनपासून जवळ" लिहू नका, ते जवळ नाही. बस किंवा रिक्षाने यायचं असं सरळ लिहा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली मुलं आईसोबत येतात, वहीत लिहून घेतात. त्यांना "हात लावू नको" याशिवायही काहीतरी बोला. कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला कलाकार मला तरी बघवत नाही.

परीक्षांच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलांची गर्दी होईल अशी आशा धरू नका. तारीख घेण्याआधी कोणत्याही एका विद्यार्थ्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल.

आणि उतरवायच्या दिवसाची तयारी लावायच्या दिवशीच करायची असते. प्रत्येक चित्राच्या मागे नाव, फोन नंबर आणि वर कुठली बाजू त्याचा बाण, मार्करने. शेवटच्या रात्री सगळे दमलेले असतात, टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, आणि सारख्या साइजच्या काळ्या फ्रेमा एकावर एक रचलेल्या. एका ग्रुप शोनंतर दोघांची अॅबस्ट्रॅक्ट्स अदलाबदल होऊन गेली, महिनाभराने कळलं. त्यातल्या एकाने तोवर दुसऱ्याचं चित्र घरी उलटं टांगलं होतं.