शेंग कधी तोडायची, दाणा कधी वाळवायचा

घेवड्याची एक शेंग मधोमध मोडून बघा. कट्कन तुटली, कडेला दोरा सुटला नाही आणि आतला दाणा अजून बारीकच असला, तर तोडणी आजच करा. दोन-तीन दिवस थांबलात की दाण्याचा फुगवटा बाहेरून दिसायला लागतो, शेंग चिवट होते. जून शेंगा झाडावर राहिल्या की नवी फुलंही कमी धरतात. दव सुकल्याशिवाय मात्र वाफ्यात शिरू नका. ओल्या पानांतून फिरलं की करपा रोग आपल्याच हातांनी पसरतो.

शेंग की दाणा, हे पोषणाच्या हिशेबाने जणू दोन वेगळी पिकंच. कोवळ्या घेवड्यात 100 ग्रॅममागे 90 ग्रॅम पाणीच असतं, प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम. पण क जीवनसत्त्व याच अवस्थेत मिळतं, आणि ते तोडणीनंतर लवकर उतरतं, म्हणून टोपली उन्हात ठेवू नका. तोच दाणा झाडावर वाळू दिला की राजमा: 100 ग्रॅमला 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह आणि भरपूर तंतू. क जीवनसत्त्व नावापुरतं.

मूग आणि चवळी प्रथिनांत राजम्याच्या बरोबरीला, फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वात त्याच्या पुढे. सोयाबीनची गोष्टच वेगळी, प्रथिनं 36 टक्क्यांच्या वर आणि तेल 20 टक्क्यांच्या आसपास. धान्यात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी पडतो, तो कडधान्यात भरपूर असतो, म्हणून दोन्ही एका ताटात हवीत.

राजम्याचं कौतुक जरा जास्तच होतं असं मला वाटतं. घरच्यासाठी एकच ओळ लावायची तर मी चवळी लावीन. ऊन सोसते, पाण्याचा ताण सोसते आणि पाला, शेंग, दाणा तिन्ही खाता येतं. मुळांवरच्या गाठी फोडून बघा, आतून गुलाबी असतील तर हवेतलं नत्र धरायचं काम चालू आहे. घेवडा या कामात कच्चा, त्याला खत द्यावंच लागतं. काढणीला झाड उपटू नका, बुडाशी कापा. मुळं जमिनीत राहू द्या.

राजमा विकत असाल तर घेणाऱ्याला एवढं सांगाच: किमान 5 तास भिजवून ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळायचं. कच्च्या दाण्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेवर नुसतं कोमट शिजवल्याने ते जात नाही. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त असतं.

साठवणीत घाई नडते. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला आहे, आणखी ऊन द्या. भुंगेऱ्याची अंडी बऱ्याचदा शेतातच शेंगेवर पडलेली असतात, त्यामुळे घर कितीही स्वच्छ असलं तरी महिन्या-दोन महिन्यांत दाण्याला गोल भोकं दिसतात. खाण्याचा माल हवाबंद डब्यात काठोकाठ भरा. आतली हवा संपली की कीड मरते. थोडाच माल असेल तर किलोला 5 मिली खाद्यतेल चोळलं तरी चालतं. डबा दमट, गरम जागी ठेवू नका, नाहीतर दाणा असा निबर होतो की तासन्‌तास शिजवूनही मऊ पडत नाही.