मशिन अवर रेट कसा काढावा: कॉस्टिंगमध्ये करिअर करणाऱ्यांसाठी

सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाच्या तीन पातळ्या, जून-डिसेंबरच्या परीक्षा, गटात सरासरी ५० टक्के आणि प्रत्येक पेपरात किमान ४०, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. पहिल्या नोकरीबद्दल माझं मत ठाम आहे: कारखानाच धरा. भोसरी, चाकण किंवा रांजणगावातला सुट्या भागांचा मध्यम कारखाना पगार थोडा कमी देत असला तरी पहिली दोन-तीन वर्षं तिथेच काढा. ‘आधी सॅपचा (कंपनीचे हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोर्स कर’ या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. सॅपमध्ये जो रेट भरायचा, तो काढणारं माणूस कंपनीला हवं असतं.

एखाद्या जॉबची कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, करायला घेतलीत की कच्चा माल सोपा असतो: ड्रॉइंगवरून ढोबळ वजन, तयार भागाचं वजन, मधल्या फरकाच्या स्क्रॅपची किंमत वजा. मजुरी पगारपत्रकावरून घ्या, पीएफ, बोनस आणि ग्रॅच्युइटीसकट.

खरी अडचण मशिन अवर रेटची, म्हणजे मशिनच्या एका तासाला किती खर्च धरायचा याची. मलाही हाच टप्पा जड गेला, कारण पुस्तकात तास दिलेले असतात आणि कारखान्यात ते शोधावे लागतात.

आधी मशिनचा महिन्याचा स्थिर खर्च एकत्र करा: घसारा, विमा, जागेचं भाडं, सुपरवायझरचा वाटा, वीजबिलातला डिमांड चार्ज (वापर कितीही असो, द्यावा लागणारा ठरावीक आकार). ऑपरेटरचा पगार मजुरीत धरला असेल तर इथे पुन्हा घेऊ नका. समजा बेरीज १,२०,००० रुपये आली.

आता भागायचं कशाने? दोन शिफ्ट, आठ-आठ तास, २५ दिवस, म्हणजे ४०० तास, आणि रेट ३०० रुपये. हा रेट कोटेशनमध्ये घालू नका. ४०० तास मशिन कुठेच चालत नाही. चहा-जेवण, ठरलेला मेंटेनन्स, माल यायला उशीर, ऑपरेटरची रजा हे सगळं त्यातून जातं. मागच्या दोन-तीन वर्षांची जॉब कार्डं आणि शिफ्ट रिपोर्ट काढून सरासरी घ्या. समजा ३०० तास आले, तर रेट ४००. सेटिंगचे, म्हणजे नव्या जॉबसाठी मशिन तयार करण्याचे तास मात्र यातून वजा करू नका, कारण सेटिंग आपण जॉबवर वेगळं लावणार आहोत. दोन्हीकडे धरलंत तर ग्राहकाकडून एकाच खर्चाचे पैसे दोनदा मागाल आणि ऑर्डर हातची जाईल.

मंदीच्या महिन्यात मशिन २०० तासच चाललं, तर मालक म्हणतील, ‘रेट ६०० करा.’ करू नका, आणि का ते त्यांना नीट सांगा. रेट ४०० च ठेवा, म्हणजे २०० तासांचे ८०,००० जॉबवर जातात; राहिलेले ४०,००० रुपये रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळे दाखवा. आपल्या सीएमए संस्थेचे कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड २ आणि ३ हेच सांगतात. प्रत्यक्ष वापर नेहमीच्या क्षमतेहून (इथे ३०० तासांहून) जास्त झाला, तर मात्र प्रत्यक्षातले तास धरायचे. रिकाम्या मशिनचा भार जॉबवर टाकलात की कोटेशन महागतं, कामं आणखी कमी होतात, रेट आणखी चढतो.

यावर वीज, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं टोक) आणि कूलंटचा (थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) चल खर्च चढवा. विजेसाठी मोटारच्या प्लेटवरचा किलोवॅटचा आकडा घेऊ नका. कटिंग चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून प्रत्यक्ष मोजून घ्या, आकडा बहुधा बराच कमी निघतो.

सेटिंगकडे नीट बघा. ९० मिनिटांचं सेटिंग ५० नगांच्या बॅचवर नगाला १.८ मिनिटं पडतं, ५०० नगांवर ०.१८. ४०० च्या रेटने एकीकडे नगामागे १२ रुपये, दुसरीकडे १ रुपया २० पैसे. ग्राहकाचा खरेदी विभाग मोठ्या बॅचचा भाव ठरवून छोट्या बॅचमध्ये माल उचलतो, तेव्हा तुमचा नफा इथूनच जातो. म्हणून बॅचचा आकडा कोटेशनवर लिहाच.

सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, स्वतः मशिनपाशी उभं राहून घ्या, तोही दोन्ही शिफ्टमध्ये. मशिनच्या प्रोग्रॅममधला आकडा नग लावणं-काढणं आणि तपासणी मोजत नाही. ऑपरेटरला आधी सांगा की वेळ त्याच्या कामाची नाही, जॉबची मोजतोय. नाहीतर तो मुद्दाम सावकाश काम करेल, आणि त्याचा दोष नाही.

वीजदर बदलला, मशिन आलं-गेलं, की रेट पुन्हा काढा. ‘मागच्या वर्षीचा घ्या, दहा टक्के वाढवा’ असं म्हणणाऱ्याला मागच्या वर्षीचा रेट कसा काढला होता ते विचारा.

पुढे स्वतःची प्रॅक्टिस करायची तर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस लागतं. कंपनी कायद्याचं कलम १४८ आणि २०१४ चे कॉस्ट रेकॉर्ड्स व ऑडिटचे नियम हातात ठेवा. कॉस्ट ऑडिटचा रिपोर्ट सीआरए-३ या फॉर्ममध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत द्यायचा असतो. तो मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत सीआरए-४ हा फॉर्म भरायचा असतो. ऑडिटला गेलात की पहिल्याच दिवशी मशिन अवर रेटचे तास कुठून घेतले ते मागा.