जखमी मांजर उचलण्याआधी टॉवेल घ्या

मांजराला लागलं की ते आपल्याच माणसाला ओरबाडतं. मग रक्त त्याचं थांबवायचं की आपलं, तेच कळत नाही. आमच्या मनीचा पंजा खिडकीच्या जाळीत अडकून नख उपटलं, तेव्हापासून एक जुना जाड टॉवेल दारामागे टांगलेलाच असतो.

१. समोरून झडप घालू नका. मागून हळूच टॉवेल टाका आणि पुरणपोळी गुंडाळावी तसं अंग गुंडाळा. नाक-तोंड मोकळं, दुखरा पाय तेवढा बाहेर.

२. जखमेवर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून घड्याळ लावून ५ मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघायचा मोह फार होतो, पण तेवढ्यानं गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा.

३. नुसतं नख तुटलं असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकावर दाबा.

रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर घरगुती उपाय सोडा आणि त्याच टॉवेलासकट दवाखाना गाठा.

दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. एका गोळीनंही मांजर दगावू शकतं. डेटॉलही नको, ते चाटून पोटात जातं आणि मांजराला विषारी असतं.