व्हायरसवर रिसर्च करायचाय? आधी पेशी सांभाळायला शिका

कोविडनंतर बीएस्सीची पोरं सारखी विचारतात की व्हायरॉलॉजिस्ट कसं व्हायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बीएस्सी मायक्रो, बायोटेक, झूलॉजी काहीही चालतं, व्हेटर्नरीवाले पण येतात. मग एमएस्सी. पुण्यातली एनआयव्ही (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी), म्हणजे १९५२ ची व्हायरस रिसर्च सेंटर, पुणे विद्यापीठाची एमएस्सी व्हायरॉलॉजी शिकवते, पण सीट मोजक्याच, नंबर नाही लागला तर बायोकेमिस्ट्री करा, काही बिघडत नाही. पुढे पीएचडीला नेट नाहीतर आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) काढा, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, वर एचआरए, म्हणजे घरभाडं.

आता खरं काम. व्हायरस एकटा काहीच करत नाही, त्याचा सगळा खेळ पेशीत शिरल्यावर, म्हणून इम्युनॉलॉजी आणि सेल बायोलॉजी कच्ची ठेवू नका. उदाहरण घ्या व्हेरो पेशींचं. १९६२ ला जपानमध्ये माकडाच्या किडनीपासून बनवलेली ही लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी) इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरसला अडवणारं प्रोटीन, तयारच करत नाही, त्यामुळे बरेच व्हायरस त्यात मस्त वाढतात, स्टॉक करायला झकास, पण पेशी व्हायरसला कशी अडवते हे बघायचं असेल तर व्हेरो घेऊन काय उपयोग? तिथे माणसाच्या फुफ्फुसाची लाइन लागते, त्यातही ए५४९ नावाची घेतली तर एसीई२ (कोविडचा व्हायरस ज्याला धरून पेशीत शिरतो ते प्रोटीन) इतका कमी की कोविडचा व्हायरस धड आत शिरतच नाही, मग बसा एसीई२ घालून नवी लाइन बनवत. निम्मी पीएचडी असल्याच भानगडीत जाते, खरंच.

हात बसवायला प्लाक ॲसे शिका, म्हणजे नमुन्यात जिवंत व्हायरस किती ते मोजायची पद्धत. पेशींचा सलग थर हवा, त्यावर व्हायरसचं दसपट-दसपट डायल्यूशन, तासभर प्लेट अधूनमधून हलवायची (नाहीतर मधल्या पेशी सुकतात), मग वरून घट्ट ओव्हरले (जेलसारखा थर, म्हणजे व्हायरस लांब पसरत नाही), काही दिवसांनी पेशी पक्क्या करायला फॉर्मलिन आणि रंगवायला क्रिस्टल व्हायोलेट. जांभळ्यात पांढरी भोकं, म्हणजे व्हायरसने पेशी मारलेल्या जागा, दिसली की मोजा.

बीएसएल-४ (सगळ्यात धोकादायक व्हायरससाठीची, सर्वात कडक सुरक्षेची लॅब) चा सूट घालून फोटो काढायची स्वप्नं सध्या बाजूला ठेवा, सुरुवात बीएसएल-२ मध्येच होते. आर किंवा पायथनचं प्रोग्रॅमिंग थोडं तरी येऊ द्या, आरएनए-सेकचा (पेशीत कुठले जीन किती चालू आहेत ते दाखवणारा) डेटा दुसऱ्याकडून किती दिवस करून घेणार.

आणि समर प्रोजेक्टसाठी मेल करताना 'रिस्पेक्टेड सर'वाला तोच मेल पन्नास जणांना ढकलू नका. त्या लॅबचा एक पेपर नीट वाचा, त्यातल्या एका फिगरवर प्रश्न विचारा, सीव्ही जोडा, आठवड्याने एकदा आठवण करा, बास.